मिजाच्या जागी

कोरियन चित्रपट मला का आवडतात, असं कुणी विचारलं की माझं एक ठरलेलं उत्तर असतं. त्या चित्रपटांतली माणसं भूक लागल्यासारखी जेवतात. पाऊस आला की तो घरात शिरतो. गरिबाच्या घरातली भांडी वापरून पोचे पडलेली असतात. एकाच प्रसंगात हसू फुटतं आणि हुंदकाही दाटतो, आणि त्यातलं काय मनाला लावून घ्यायचं ते दिग्दर्शक आपल्यावर सोडतो. हे उत्तर मनापासूनचं आहे. पण अलीकडे ते देताना आतून कुणीतरी अडवतं. म्हणतं, हे सगळं चित्रपटांबद्दल झालं, तुझ्याबद्दल काय? हजारो मैलांवरच्या माणसांचं दुःख तुला एवढं जवळचं वाटतं, ते दूर आहे म्हणून तर नाही ना?

हा प्रश्न टाळून मला पुढचा चित्रपट पाहवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझं आयुष्य परभणीत शाळेत मराठी शिकवण्यात गेलं. या चित्रपटांशी ओळख झाली ती नातवामुळे. फेब्रुवारी २०२० मध्ये बाँग जून-हो यांच्या 'पॅरासाइट'ला चार ऑस्कर मिळाले. इंग्रजीत नसलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. नातू तेव्हा पुण्यात शिकत होता. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तो परभणीला आला. रात्री जेवणं आटोपली, बाकीचे झोपले, की तो चित्रपट लावायचा. खालच्या इंग्रजी ओळी माझ्या डोळ्यांना झेपायच्या नाहीत तेव्हा त्या तो मला मराठीत सांगायचा. त्यामुळे कित्येक कोरियन माणसं माझ्या कानात अजून परभणीच्या मराठीतच बोलतात.

'पॅरासाइट' पाहताना मी अर्थातच किम कुटुंबाच्या बाजूने होते. सोलमध्ये अर्ध्या जमिनीखाली असलेल्या घरांना बांजिहा म्हणतात. किम कुटुंब तशा घरात राहतं. खिडकी रस्त्याच्या पातळीला आणि शौचालय घरातल्या सर्वांत उंच जागी. एका रात्रीच्या पावसाने ते घर गटाराच्या पाण्याखाली जातं, आणि दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या घरी ते कामाला असतात त्या टेकडीवरच्या पार्क बाईंना त्याच पावसाने हवा कशी स्वच्छ झाली याचा आनंद होतो. मालक पार्क काही दुष्ट नाही. ड्रायव्हर असलेल्या किमच्या अंगाच्या वासाने तो फक्त नाक मुरडतो. मला त्याचा संताप आला होता. पण माझं घर पहिल्या मजल्यावर आहे, मला निवृत्तिवेतन मिळतं, आणि सकाळी भांडी घासायला बाई येतात. आमच्या कॉलनीत अशा बायांचा चहाचा कप अजूनही काही घरांत वेगळा, खिडकीत पालथा घातलेला असतो. माझ्या घरी तसा नाही. पण दुसऱ्यांकडे तो दिसतो, आणि मी माझ्या कपातला चहा पिऊन घरी येते. चित्रपट चालू असताना मी तळघरात जाऊन बसले होते. माझी खरी जागा पार्कांच्या दिवाणखान्यात आहे.

चित्रपट पाहताना आपण सगळेच अन्याय झालेल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसतो. तिथे बसायला काही पैसे पडत नाहीत, कुणाशी वाकडं येत नाही. हे ध्यानात आल्यावर मी आवडते चित्रपट पुन्हा पाहायला घेतले, आणि दर वेळी स्वतःला विचारलं, की यात मी खरंच असते तर कोण असते?

बाँग जून-हो यांचाच 'मेमरीज ऑफ मर्डर' २००३ सालचा. सोलच्या दक्षिणेला ह्वासंग नावाचा तेव्हाचा खेड्यापाड्यांचा भाग आहे. तिथे १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. चित्रपट त्या तपासाचा आहे. पिकलेल्या भातशेताच्या कडेला दगडी नाली, तिच्यात प्रेत, आणि आजूबाजूला खेळणारी पोरं. पोलिसांना तपास येत नाही, म्हणून ते माणसं आणतात आणि मारतात. एक जण लाथा घालण्याआधी बुटावर कापडी खोळ चढवतो, वळ उठू नयेत म्हणून. पहिला संशयित मतिमंद मुलगा आहे, आणि त्याच्याकडून जबाब पाठ करून घेतला जातो. हे पाहताना मला चीड येते आणि मध्येच हसूही येतं, कारण ते पोलीस बावळट आहेत, भुकेले आहेत, आपल्या ओळखीचे आहेत. सोंग कांग-हो या नटाने त्यांतला एक असा उभा केला आहे की त्याचा रागही पुरता येत नाही. शेवटी बऱ्याच वर्षांनी तो त्याच नालीपाशी येतो, वाकून आत पाहतो, आणि मग थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे पाहतो. खुनी कुठेतरी बसून हा चित्रपट पाहत असेल, या विचाराने दिग्दर्शकाने तो शेवट केला. २०१९ मध्ये डीएनए चाचणीने खुनी सापडला. दुसऱ्या एका खुनासाठी तो कित्येक वर्षं तुरुंगातच होता, आणि हा चित्रपट त्याने तिथे पाहिलाही होता. त्याहून मला हादरवणारी गोष्ट वेगळी आहे. त्यातल्या आठव्या खुनासाठी पोलिओने पाय अधू झालेल्या एका तरुणाला शिक्षा झाली होती. त्याने वीस वर्षांच्या आसपास तुरुंगवास भोगला, आणि तो निर्दोष होता हे न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये मान्य केलं. त्याला सलग काही दिवस झोपू न देता कबुलीजबाब घेतला होता.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या शेवटी जब्या या पोराने भिरकावलेला दगड आपल्या दिशेने येतो. सोंग कांग-होची ती नजर त्याच जातीची आहे.

आता माझ्या गावाबद्दल. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद होता, त्याला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली. अटक झालेल्यांत कायद्याचा एक विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्या डिसेंबरात मी गावातच होते. दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. दूध येईल का, औषधाचं दुकान उघडेल का, याची चौकशी करत होते. ह्वासंगच्या त्या अधू पायाच्या माणसाबद्दल मी तास न् तास बोलू शकते. त्याची वर्षं, त्याचा खटला, सगळं मला तोंडपाठ आहे. माझ्या गावातल्या विद्यार्थ्याची आई कुठे कुठे दाद मागत फिरली हे मी वर्तमानपत्रात वाचलं, आणि पान उलटलं. 'मेमरीज ऑफ मर्डर'मध्ये रात्री सायरन वाजतो आणि सगळं गाव दिवे मालवतं. ती माणसं पडद्यावर ठळक दिसत नाहीत, त्यांना नावंही नाहीत. मी त्यांच्यातली.

आमचा भाग शेतीचा. म्हणून 'ओल्ड पार्टनर' हा २००८ सालचा माहितीपट मला वाटलं, आपलाच आहे. ली चुंग-र्योल यांनी केलेला. डोंगरातलं खेडं, ऐंशीच्या घरातला शेतकरी, त्याची बायको आणि चाळीस वर्षांचा बैल. म्हाताऱ्याचा एक पाय निकामी आहे, कानांनी नीट ऐकू येत नाही, पण बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येते. बैलाचा चारा विषारी होऊ नये म्हणून तो शेतात फवारणी करत नाही. बाजारात विकायला नेतो तेव्हा त्या मरायला टेकलेल्या जनावराला कुणी घेत नाही. कोरियात हा माहितीपट जवळजवळ तीस लाख लोकांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिला. माझे वडील जिंतूर तालुक्यातले. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते बैलांची खांदेमळणी करायचे, तूप-हळदीचा हात जुवाच्या जागी फिरवताना कुणाशी बोलायचे नाहीत. तो माहितीपट पाहताना वडील समोर उभे राहिले आणि मी पोटभर रडले.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र लक्ष म्हातारीकडे गेलं. ती सतत कुरकुरते. इतरांनी यंत्रं आणली, फवारणी केली, आणि आपणच हाताने गवत उपटत बसलोय. या बैलाला जेवढं जपतोस तेवढं मला कधी जपलंस का? पहिल्यांदा ती बोलू लागली की मी आणि नातू हसायचो. चित्रपटगृहांतही तिथे हशा पिकला असणार. पण ती बैलाइतकीच राबते आहे, तिचीही कंबर मोडली आहे, आणि तिच्या गळ्यात घंटा नाही. माझी आई आठवली. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, सगळं तिनेच केलं. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांच्या कडा सोलून निघायच्या. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नाही. बैलाला वर्षातून एक पोळा तरी आहे. वडिलांची खांदेमळणी मी किती ठिकाणी लिहिली, किती वर्गांत सांगितली. आईची बोटं आज पहिल्यांदा लिहिते आहे.

दिग्दर्शक किम की-डुक यांच्याबद्दल मी अजून काही ठरवू शकलेले नाही. त्यांचा 'स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग' (२००३) मी पाहिला तेव्हा देवळात बसल्यासारखं वाटलं होतं. तळ्यात तरंगणारा मठ. तिथला लहानगा शिष्य मासा, बेडूक आणि साप यांना दोऱ्याने दगड बांधून सोडतो. सकाळी गुरू त्याच्याच पाठीवर दगड बांधतो आणि सांगतो, त्यांतला एक जरी मेला असेल तर हा दगड जन्मभर तुझ्या मनात राहील. पुढे याच दिग्दर्शकाला चित्रीकरणादरम्यान एका अभिनेत्रीला मारल्याबद्दल दंड झाला, आणि २०१८ मध्ये अनेक अभिनेत्रींनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले. डिसेंबर २०२० मध्ये लाटव्हियात कोविडने ते गेले. कलाकृती वेगळी, कलावंत वेगळा, हे वाक्य मी वर्गात अनेकदा म्हटलं आहे. आता म्हणवत नाही. पण तळ्यातला तो मठ आठवला की मन अजून निवतं, हेही खोटं कसं सांगू?

आणि मग 'पोएट्री'.

त्याचे दिग्दर्शक ली चांग-डाँग हे आधी शाळेत शिक्षक होते, कादंबरीकार होते. २००३-०४ मध्ये ते कोरियाचे सांस्कृतिक मंत्रीही होते. 'पोएट्री' २०१० सालचा. कान महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. मिजा नावाची ६६ वर्षांची बाई लहान शहरात शाळकरी नातवाबरोबर राहते. मुलगी दुसऱ्या शहरात कामाला. अर्धांग झालेल्या एका सधन म्हाताऱ्याला अंघोळ घालायचं, त्याचं घर साफ करायचं काम मिजा करते. तिला टोपी आवडते, फुलाफुलांचे कपडे आवडतात. शब्द हातातून निसटू लागले म्हणून डॉक्टरकडे जाते तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं कळतं. त्याच सुमाराला ती कवितेच्या शिकवणीला नाव घालते. तिथले कवी सफरचंद हातात धरून विचारतात, तुम्ही हे कधी खरोखर पाहिलं आहे का? मिजा वही घेऊन झाडाखाली बसते, पाहू लागते. मन लावून पाहायला शिकायचं, म्हणजे कविता येईल.

मी जनाबाई शिकवली आहे. जनाबाई आमच्या गंगाखेडची. नामदेवाच्या घरी दासी म्हणून राहिली, दळण-कांडण केलं, शेणी वेचल्या, आणि त्याच कामातून अभंग आला. 'पोएट्री' पाहताना वाटलं, हात लोकांच्या घरच्या कामात आणि जीव शब्दांत, अशी बाई मी ओळखते. परभणी कवितेचं गाव आहे. बी. रघुनाथ इथे कारकुनी करत लिहीत राहिले आणि १९५३ मध्ये चाळिशीतच गेले. सप्टेंबरात त्यांच्या आठवणीचे कार्यक्रम अजून होतात, आणि मी जाते. मिजाचं कवितेच्या वर्गात जाऊन बसणं मला परकं नव्हतं. म्हणूनच पुढे जे येतं त्याने मला घेरलं.

चित्रपट सुरू होतो तो नदीने. पाण्यावरून एका शाळकरी मुलीचं प्रेत वाहत येतं. ॲग्नेस नावाच्या त्या मुलीवर सहा मुलांनी शाळेच्या प्रयोगशाळेत महिनोन्महिने अत्याचार केलेले असतात, आणि तिने पुलावरून उडी घेतलेली असते. सहांपैकी एक मिजाचा नातू.

मिजाला हे कळतं ते एका हॉटेलात. पाच मुलांचे बाप जमले आहेत, जेवण मागवलं आहे, बिअर ओतली जाते आहे. चांगले कपडे घातलेली, सभ्य बोलणारी माणसं. शाळेशी बोलणं झालं आहे, बाहेर जाणार नाही. मुलीची आई विधवा आहे, शेती करते. तिला तीन कोटी वॉन द्यायचे, प्रत्येकी पन्नास लाख. त्या वेळच्या हिशोबाने माणशी दोनेक लाख रुपये. मुलगी तर गेली, आता आपल्या मुलांचं पाहिलं पाहिजे. त्यांत कुणी दात-ओठ खात नाही, कुणाला धमकावत नाही. मिजा उठून बाहेर जाते आणि वाफ्यातली लाल फुलं पाहत वहीत काही लिहू लागते.

त्या हॉटेलातल्या बोलण्याचं मराठी करून सांगण्याची गरज माझ्या नातवाला पडली नाही. मला ते सगळं येत होतं. पोरगं आहे, चुकलं. बोभाटा नको. लेकराचं आयुष्य आहे. तिच्या मामाला बोलवा, तो समजदार आहे. झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात. मिटवामिटवीच्या बैठकांत कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ते येतंच.

पुढे ते बाप मिजाला मुलीच्या आईकडे पाठवतात. बाईमाणूस आहे, बाईमाणसाशी बोलेल. मिजा शेताच्या वाटेने जाते. वाटेत जर्दाळू पडलेले असतात. पिकलेलं फळ पुढच्या जन्मासाठी स्वतःला जमिनीवर झोकून देतं, असं काहीतरी ती वहीत टिपते. शेतात ती बाई भेटते. मिजा तिच्याशी हवेबद्दल बोलते, पिकाबद्दल बोलते, जर्दाळूबद्दल भरभरून बोलते, हसते, निरोप घेते आणि परत फिरते. चार पावलं चालल्यावर तिला आठवतं की आपण कशासाठी आलो होतो. त्या क्षणाला युन जंग-ही यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पाहिलेलं नाही. युन जंग-ही साठ-सत्तरच्या दशकांतली कोरियाची मोठी तारका. सोळा वर्षांनी त्या पडद्यावर परतल्या होत्या. त्यांचं जन्मनावही मिजाच. पुढे त्यांनाही स्मृतिभ्रंश झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं.

सौंदर्य पाहता पाहता माणूस आपलं काम विसरू शकतो. जर्दाळू खरे होते, मिजाचा आनंदही खरा होता, आणि समोर जिची लेक गेली ती बाई उभी होती. माझी चित्रपटांची आवड मला त्या शेतात उभी दिसते.

पण मिजा तिथे थांबत नाही. ती मुलीच्या प्रार्थनासभेला जाते, तिथला तिचा फोटो घेऊन येते आणि घरी जेवणाच्या टेबलावर ठेवते. नातू पाहतो, आणि जेवू लागतो. ती शाळेत जाऊन प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत पाहते. ज्या म्हाताऱ्याला ती अंघोळ घालते त्याच्याकडून, स्वतःचा मान गमावून, ती पन्नास लाख वॉन मिळवते आणि बापांच्या हाती देते. पैसे भरून होतात. बापांच्या लेखी प्रकरण मिटतं. मग एका संध्याकाळी ती नातवाला पिझ्झा खाऊ घालते, स्वच्छ अंघोळ करायला लावते, त्याच्या पायाची नखं कापते. दोघं बाहेर रस्त्यावर बॅडमिंटन खेळत असतात तेव्हा पोलीस येतात आणि मुलाला घेऊन जातात. त्यांतला एक जण मिजाच्या कवितेच्या मंडळातला. कुणी कळवलं हे चित्रपट सांगत नाही. सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी कवितेच्या वर्गात सगळ्यांत फक्त मिजाची कविता लिहून झालेली असते, आणि ती स्वतः तिथे नसते. कविता ॲग्नेसच्या नावाची आहे.

चित्रपट संपल्यावर माझ्या नातवाने टीव्ही बंद केला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आजी, मी असतो तर तू पैसे भरले असतेस?"

मी त्याला म्हटलं, "झोप आता, उशीर झालाय."

त्याला न दिलेलं उत्तर इथे देते. भरले असते. निवृत्तिवेतनावर कर्ज काढलं असतं, गळ्यातलं विकलं असतं, आणि ही माया आहे असं स्वतःला समजावलं असतं. मुलीच्या आईकडे मी गेलेच नसते. कुणीतरी जाऊन आलं, ती तयार झाली, एवढं ऐकून सुटल्यासारखं वाटलं असतं. आणि पैसे भरल्यावर मिजाने जे केलं ते मी केलं नसतं. नखं कापली असती, पण दाराला कडी घालून. मिजासाठी रडण्याचा हक्क मला आहे, पण तिच्या जागी मी नाही. त्या हॉटेलातल्या सहाव्या खुर्चीवर मी शेवटपर्यंत बसून राहिले असते.

असं म्हणायला मला माझी नोकरीच भाग पाडते. आठवी-नववीच्या वर्गांत दिवाळीनंतर काही बाकं रिकामी व्हायची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुली, आणि इतरही. हजेरीपटावर काही दिवस गैरहजेरी लागायची, मग नाव कमी व्हायचं. कारण सगळ्यांना माहीत असायचं. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणायचं, हिचं जमलं वाटतं, आणि पुढचा तास सुरू व्हायचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे आले तेव्हा परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात आम्ही सर्वांत पुढे. त्या मुलींना जनाबाई मीच शिकवली होती. एका बाईने जगाची पर्वा न करता कसं लिहिलं, हे समरसून सांगितलं होतं. मिजा प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. मी त्या रिकाम्या बाकांसमोर रोज उभी होते.

नातू आता नोकरीला लागला आहे. मध्ये त्याने फोनवर विचारलं, "आजी, नवीन काय पाहिलंस?" मी म्हटलं, "नवीन नाही, जुनंच पाहतेय." तो म्हणाला, "परत 'पोएट्री'?" मी हो म्हटलं. त्या रात्रीच्या प्रश्नाची आठवण त्याने काढली नाही. मी काढली. वर लिहिलं तेच त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग तू मला वाचवलंस असं मी समजलो असतो का गं?" याचं उत्तर मला आलं नाही, आणि या वेळी मी उशिराचा बहाणा केला नाही.

कोरियन चित्रपट मी पाहत राहणार. मला ते मनापासून आवडतात आणि या वयात एवढा खरा आनंद देणारं फार थोडं उरलं आहे. वाचणाऱ्यांनाही सांगते, 'पोएट्री' मिळवून पाहा, शक्य असेल तर घरातल्या पोरासोरांबरोबर पाहा, आणि हॉटेलातला तो प्रसंग आला की मध्येच उठू नका. आपल्या गल्लीत, भावकीत अशी बैठक बसली, कुणी म्हणालं की मिटवून टाका, तर मुलीची आई या खोलीत का नाही एवढं तरी विचारा. अठरा वर्षांखालच्या मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ठाऊक असून न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. तो सभ्य बापांनाही लागू आहे आणि शिक्षिकांनाही. बालविवाह थांबवण्याची जबाबदारी गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, म्हणजे आधीच्या ग्रामसेवकावर, टाकलेली आहे. त्याच्याकडे जाणं जमत नसेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत, आणि कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं.